वाघ्याचं म्हातारपण: आत्याचं सांगणं

बाळ, वाघ्या मध्यरात्री उठून माजघरात फेऱ्या मारतो, दाराच्या बिजागरीच्या बाजूला नाक लावून उभा राहतो, हाक मारली तर भिंतीकडं बघतो, असं तू सांगितलंस. दादा म्हणतो, वय झालं, चालायचंच. वहिनी म्हणते, त्याला काहीतरी दिसत असणार. दोघांचंही ऐकून घे, पण या आठवड्यात त्याला डॉक्टरांना दाखव. कुत्र्याच्या म्हातारपणाला नुसतं म्हातारपण म्हणून सोडून देणं, हीच आपल्या भागातली मोठी खोट आहे. बैल बसला की रात्री अकराला डॉक्टर आणणारी माणसं कुत्र्यासाठी उंबरठा ओलांडत नाहीत.

त्याला जे झालंय असं मला वाटतं, ते माणसातल्या डिमेन्शियाच्या जवळचं दुखणं आहे. डॉक्टर त्याला कॉग्निटिव्ह डिस्फंक्शन म्हणतात. अशा कुत्र्यांच्या मेंदूत बीटा अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे थर साचलेले सापडतात, आणि अल्झायमर झालेल्या माणसांच्या मेंदूतही तेच सापडतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी २००१ मध्ये म्हाताऱ्या कुत्र्यांची पाहणी छापली. अकरा-बारा वर्षांच्या कुत्र्यांपैकी २८ टक्क्यांत आणि पंधरा-सोळा वर्षांच्या कुत्र्यांपैकी ६८ टक्क्यांत याचं एक तरी लक्षण दिसलं. म्हणजे हे दुखणं नेहमीचंच आहे. आपल्याकडची बरीच कुत्री एवढी जगत नाहीत, म्हणून आपण ते फारसं पाहिलेलं नाही. वाघ्या तेरा वर्षांचा झाला, कारण तू त्याला दरवर्षी लस टोचलीस, गोचीड काढलेस, रस्त्यावर सोडलं नाहीस. त्याचं हे म्हातारपण तुझ्याच सांभाळण्यातून आलंय, तेव्हा त्याचं तुला ओझं वाटू देऊ नकोस.

लक्षणं ओळखायची ती अशी. ओळखीच्या घरात वाट चुकणं, कोपऱ्यात शिरल्यावर मागं फिरायचं न सुचणं. घरच्यांना न ओळखणं, नाहीतर एकाच माणसाला क्षणभरही न सोडणं. दिवसा झोप आणि रात्री जाग. तेरा वर्षं अंगणात जाणाऱ्यानं घरात मुतणं. उगाच भुंकणं, कण्हणं, फेऱ्या. यातलं एखादं दिसलं म्हणून डिमेन्शियाच समजायचा नाही, हे मात्र पक्कं ध्यानात ठेव. मूत्राशयाला संसर्ग झाला तरी कुत्रं घरात मुततं. गुडघे आणि कंबर दुखत असली तरी रात्री झोपत नाही. मोतीबिंदू झालेलं भिंतीला धडकतं, बहिरं झालेलं हाकेला येत नाही. मूत्रपिंडं थकली, रक्तदाब वाढला, गोचिडांचा ताप अंगात मुरला, तरी कुत्रं वेड्यासारखं वागतं. यातल्या बऱ्याच गोष्टींवर औषध आहे. म्हणून रक्त, लघवी, डोळे, कान, सांधे, सगळं तपासून मगच डॉक्टरांना मेंदूकडं वळू दे.

खेड्यात याहून मोठी भीती वेगळीच असते. भटकणारं, तोंडातून लाळ गळणारं, ओळख विसरलेलं म्हातारं कुत्रं लोकांना पिसाळलेलं वाटतं आणि मग काठ्या निघतात. मी हे शिवारात पाहिलंय. दोन्हीतला फरक तू स्वतः शीक आणि शेजाऱ्यांनाही समजावून सांग. म्हातारपणाचं विसरणं महिनोन् महिने हळूहळू वाढतं. रेबीज काही दिवसांत उसळतो: आवाज बदलतो, जबडा लोंबतो, पाणी गिळता येत नाही, पाय लटपटतात, कुत्रं दिसेल त्याला चावतं, आणि लक्षणं सुरू झाल्यावर साधारण दहा दिवसांच्या आत मरतं. वाघ्याच्या लसीचं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दाराशी टांगून ठेव. गळ्यात रुंद पट्टा असू दे, त्यावर दादाचा फोन नंबर ठळक शाईनं लिहिलेला असू दे. गल्लीतल्या पोरांना वाघ्या दाखव, सांग की आजोबा झालाय, विसरतो, त्याला दगड मारायचा नाही. पोरांना एकदा नीट सांगितलं की तीच त्याची राखण करतात. पण बदल अचानक झाला असेल, लस चुकली असेल, नाहीतर दुसऱ्या कुत्र्यानं त्याला चावलं असेल, तर त्याच्या तोंडाजवळ हात नेऊ नकोस. लांबून कोंड आणि डॉक्टरांना कळव. कुणाला दात लागलाच तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्यायची. हळद, चुना, मिरची यातलं काहीही जखमेवर नको.

डॉक्टरांबद्दल. भालकीहून बिदर लांब नाही. तिथल्या नंदिनगरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं शिकवण्यासाठी चालवलेला दवाखाना आहे. कर्नाटकाचं पशुवैद्यकीय विद्यापीठ २००४ च्या कायद्यानं झालं आणि त्याचं मुख्य ठिकाण आपल्या बिदरला आलं, हे आपलं नशीबच म्हणायचं. अशी सोय दारात असून कुत्रं घेऊन जायला लाजू नकोस. फिरत्या दवाखान्याचा १९६२ हा नंबर भिंतीवर लिहून ठेव. ती गाडी मुख्यतः गाईम्हशींसाठी असते, म्हणून कुत्र्यासाठी येतील का ते आधीच विचारून ठेव, ऐन रात्री विचारत बसू नकोस. आणि रात्रीचं त्याचं वागणं मोबाइलवर टिपून घे. दवाखान्यात गेल्यावर कुत्रं घाबरून ताठ उभं राहतं, घरचं एकही लक्षण दाखवत नाही. शिवाय डॉक्टर मैसूर-शिमोग्याकडचे निघाले तर तुझं कन्नड आणि त्यांचं मराठी यात निम्मं राहून जातं. व्हिडिओ दाखवला की तो प्रश्न मिटतो. खाणं, पाणी, शी-शू, झोप यांच्या वेळा आठवडाभर वहीत लिहून ती वही बरोबर ने.

वाघ्या कारवानीच्या, म्हणजे मुधोळ कुत्र्याच्या, रक्ताचा आहे, हे डॉक्टरांना आवर्जून सांग. अंगावर चरबी नसलेल्या या शिकारी जातींवर काही भुलीच्या औषधांचा अंमल जास्त वेळ टिकतो. दात काढायचा असो की आणखी काही, भूल देण्याआधी ते त्यांना माहीत असलेलं बरं. मुधोळजवळ तिम्मापूरला बिदरच्याच विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे, आपल्या डॉक्टरांना तिथं विचारता येतं. या जातीचं कौतुक खूप झालं. मुधोळच्या घोरपड्यांनी ती राजाश्रयानं जपली, २००५ मध्ये टपाल खात्यानं तिच्यावर तिकीट काढलं, पुढं लष्करानंही ती घेतली. धावणाऱ्या कुत्र्याचं एवढं कौतुक करणाऱ्या आपल्या मुलुखात धावणं संपलेल्याला एक बरं अंथरूण मिळायला नको का?

आता घर. आपल्या घरांत खालपासून वरपर्यंत शहाबादी फरशी. ती शहाबादच्या खाणीतून आपल्या जिल्ह्याजिल्ह्यात गेली, उन्हाळ्यात गार असते, धुवायला सोपी. म्हाताऱ्या कुत्र्याला मात्र ती वैरीण. मागचे पाय घसरतात, एकदा फाकून पडला की तो उठायलाच घाबरतो, आणि आपण म्हणतो आळशी झालाय. त्याच्या नेहमीच्या वाटेवर, म्हणजे अंथरुणापासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून अंगणापर्यंत, रिकामी पोती नाहीतर जुन्या सतरंज्या अंथर आणि त्यांची टोकं चुरगळणार नाहीत असं बघ. नखं कापत जा. वाढलेल्या नखांमुळं फरशीवर पंजा टेकतच नाही. घरातली खाट, कपाट, धान्याची कोठी आहे तिथंच राहू दे. डोक्यातला नकाशा पुसट झालेल्याला सामान हलवलं की तो सगळा गेलाच. परसातल्या विहिरीला कठडा नसेल तर आजच बाभळीच्या फांद्या टाक आणि लवकर बांधून घे. फेऱ्या मारणारं कुत्रं विहीर बघत नाही. माळवदावर जाणाऱ्या जिन्याला फळी आडवी लाव. आणि त्याला साखळीनं बांधू नकोस. गोल फिरणारं कुत्रं साखळीत स्वतःला आवळून घेतं. ढेलजेत चार फळ्या लावून कप्पा कर, कोपरे गोधडीनं भरून काढ, म्हणजे त्यात तो अडकणार नाही. गळ्यात शेळीचं लहान घुंगरू घातलं तर रात्री तो कुठं आहे ते अंथरुणातूनच कळतं.

कोपऱ्यात अडकला तर ओढू नकोस. शेजारी बस, आधी हात हुंगू दे, मग खांद्याला हात लावून हळू वळव. झोपलेल्याला मागून हात लावायचा नाही. त्याला ऐकू येत नाही, दचकून चावेल, आणि चावल्यावर तो कोण होता हे सगळं घर विसरेल. ताईचं लेकरू रांगतंय, ते तिथं असेल तेव्हा मध्ये एक मोठं माणूस हवंच. घरात मुतलं म्हणून नाक घासणं, चपलेनं मारणं हे आपल्याकडं सर्रास चालतं. ते बंद. कशाबद्दल मार बसला हे त्याला कळतच नाही, तू भीतीदायक आहेस एवढंच उरतं.

रात्र ही या दुखण्यातली खरी कसोटी, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगते. रात्रीची झोप दिवसातून कमवावी लागते. सकाळी कोवळ्या उन्हात त्याला हळूहळू फिरव, त्याच्या चालीनं, जिथं हुंगायचंय तिथं हुंगू दे. हुंगणं हीच त्याची बुद्धी आहे आणि ती नाकातून अजून शाबूत आहे. अमेरिकेत हजारो पाळीव कुत्र्यांची वर्षानुवर्षं नोंद ठेवणारा एक मोठा अभ्यास चालू आहे. त्यात २०२२ मध्ये असं दिसलं की हालचाल नसलेल्या कुत्र्यांत हे दुखणं चालत्याफिरत्या कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त आढळतं. पडून राहिल्यानं दुखणं येतं की दुखण्यामुळं कुत्रं पडून राहतं, हे त्यातून ठरत नाही. पण चालवण्यात तोटा नाही. दुपारी भाकरीचे तुकडे पोत्याच्या घड्यांत लपवून शोधायला लाव. दिवसभर सलग झोपू देऊ नकोस, मधूनमधून हलकेच जागं कर. संध्याकाळचं खाणं दिवेलागणीलाच आटोप, झोपायच्या आधी अंगणात शेवटची फेरी, आणि रात्रभर झीरोचा बल्ब चालू. मिट्ट अंधारात त्याची घालमेल वाढते. लाइट जाते म्हणून चार्जिंगचा दिवा ठेव. तुझी एखादी वापरलेली साडी अंथरुणात घाल, तुझा वास असला की तो निवतो. मे महिन्यात कलबुर्गीकडं पारा बेचाळीसच्या वर जातो, तेव्हा फिरणं पहाटेच, दुपारी ओल्या पोत्याजवळ, आणि पाण्याची भांडी एकाऐवजी तीन ठिकाणी. त्याला तहान लागते, पण पाणी कुठं ठेवलंय ते आठवत नाही. दिवाळीत आणि जत्रेच्या फटाक्यांत आतल्या खोलीत, तुझ्याजवळ.

खाण्याचं थोडक्यात. भाकरी कुस्करून, मांसाच्या नाहीतर अंड्याच्या पातळ रश्शात, मीठ-मिरची-कांदा-लसूण न घालता. बेदाणे-मनुका नकोत, त्यानं मूत्रपिंड जातं. भांडं विटेवर ठेव, मान वाकवायला दुखते. गिळताना ठसका लागत असेल तर डॉक्टरांना सांग.

औषधांत एक नाव तुझ्या कानावर येईल, सेलेजिलिन. हे पार्किन्सनच्या माणसांना देतात, आणि कुत्र्यांच्या या दुखण्यासाठी अमेरिकेत १९९८ मध्ये त्याला मान्यता मिळाली. काहींना त्यानं बरी रात्र मिळते, काहींना नाही. दुखणं बरं करणारी गोळी अजून कुठंच नाही, ते समजून घे, म्हणजे कुणी हजारो रुपयांचे डबे गळ्यात मारले तर फसणार नाहीस. सेलेजिलिन चालू असताना गोचिडांसाठी अमिट्राझचं पाणी त्याच्या अंगावर घालायचं नाही, दोन्ही एकत्र घातक ठरू शकतात. आपल्याकडं जनावरं धुवायला हेच औषध सर्रास वापरतात, म्हणून गड्यालाही सांगून ठेव. आणि दादाच्या गुडघ्याच्या गोळ्या, म्हणजे आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, काहीही झालं तरी वाघ्याला नाही. पोटात रक्तस्राव होतो. पॅरासिटामॉलही आपल्या मनानं नाही. दुखण्याची गोळी त्याला हवीच, पण ती जनावरांच्या डॉक्टरांनी मापून दिलेली.

तू थकशील. रात्री तूच उठतेस, सकाळी शाळेत शिकवायला तूच जातेस. घरातल्यांच्या पाळ्या लाव. दादाला आठवड्यातून दोन रात्री दे. तो कुरकुरेल, पण घे म्हणावं. पुण्याचा भाऊ फोनवर मतं देत असेल, तर त्याला दोन रात्री येऊन राहायला सांग आणि मग मत विचार.

कुणीतरी सुचवेलच, गाणगापूरला सोडून या. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, तिथं माधुकरी मिळते, भीमा-अमरजेच्या संगमावर रोज माणसं कुत्र्यांना घास घालतात, पुण्यही लागेल. मीही तिथं जाते, मीही घास घालते, म्हणून ठामपणानं सांगते: हे करायचं नाही. ज्याला आपल्या घरातलं पाण्याचं भांडं सापडत नाही, त्याला तिथल्या धडधाकट टोळीत घास कसा मिळणार? दत्तानं कुत्री जवळ ठेवली, ती सोडून दिली नाहीत. खानापूरच्या मैलार मल्लण्णासंगतीही कुत्रं आहेच, त्याचे वाघ्ये गळ्यात भंडाऱ्याची पिशवी अडकवून स्वतःला त्याचं कुत्रं म्हणवतात. देवाच्या नावानं जनावर टाकण्याला या भक्तीत जागा नाही. कायद्यातही नाही. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नं भुकेनं-तहानेनं हाल होतील असं जनावर सोडून देणं हा गुन्हा आहे. जेवण बंद करा, आपोआप जाईल, असं सांगणारेही भेटतील. त्याला कडाडून विरोध कर. डिमेन्शियातली भूक आणि तहान तुझ्यामाझ्याइतकीच खरी असते.

आता जे तू विचारलं नाहीस, पण विचारायचं होतं, ते.

बाकीच्या दुखण्यांत बहुतेकदा शरीरच पुढं होऊन निर्णय घेतं. मूत्रपिंडं बंद पडतात, हृदय थकतं, आणि घरच्यांना काही ठरवावं लागत नाही. या दुखण्यात शरीर बराच काळ टिकतं. जेवतो, पचवतो, चालतो, आणि तरी तो आतून हरवलेला, घाबरलेला असू शकतो. झोपेत शांतपणे जाईल म्हणून वाट बघणाऱ्यांच्या वाट्याला बहुतेकदा शेवटी धावपळीची, वेदनेची रात्र येते. म्हणून वाघ्याचा शेवट तुम्हालाच ठरवावा लागेल, आणि तो डोकं शांत असताना ठरवावा. हे मी कठोर म्हणून सांगत नाही. त्याच्यावर जीव आहे म्हणून सांगते.

कसं ठरवायचं? भिंतीवरच्या कालनिर्णयात रोज रात्री एक खूण कर. त्या दिवशी वाघ्याला काही सुखाचं लाभलं तर टिंब, सगळा दिवस भीतीत किंवा वेदनेत गेला तर फुली. आत्ताच, तो बऱ्यापैकी असताना, त्याच्या आवडीच्या तीन गोष्टी पानावर लिही. मला माहीत आहेत त्या: दादाची मोटारसायकल आली की दाराशी जाणं, तुरीच्या शेताच्या बांधावर उन्हात लोळणं, पोळ्याच्या दिवशीची पुरणपोळी. यातल्या दोन गेल्या की डॉक्टरांशी पहिल्यांदा बोल. अमेरिकेतल्या पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी २००४ मध्ये एक साधी मोजपट्टी दिली: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, चालणं आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, या सात गोष्टींना शून्य ते दहा गुण द्यायचे. एकूण पस्तीसच्या वर असेल तर साधारण चालू ठेवायला हरकत नाही. दर रविवारी तू, दादा आणि वहिनी, तिघांनी वेगवेगळे गुण लिहा, मग एकत्र बघा. जो त्याची शी-शू काढतो त्याच्या गुणांना जास्त वजन द्या, कारण तो सगळ्यात जवळून बघतो. आकड्यांनी निर्णय होत नाही. पण तीन आठवडे सलग फुल्या पडल्या की घरातलं ‘अजून बरा आहे’ हे म्हणणं आपोआप थांबतं.

‘आपण जीव घ्यायचा? पाप नाही का?’ हा वहिनीचा प्रश्न मी हलका समजत नाही. बसवण्णांच्या कल्याणाच्या मुलखात वाढलेल्या माणसाला दयेचा अर्थ शिकवायची गरज नाही, पण दयेपोटी काय करायचं यावर माणसं भांडत आली आहेत. १९२८ मध्ये साबरमती आश्रमात एक वासरू असह्य वेदनेत तळमळत होतं, उपाय संपले होते. गांधींनी डॉक्टरांकडून इंजेक्शन देऊन त्याला शांत केलं आणि त्यावर उघडपणे लिहिलं. देशभरातून रागाची पत्रं आली. ते मागं हटले नाहीत. अहिंसेचं व्रत घेतलेल्या माणसाला तिथं हिंसा दिसली नाही, हे वहिनीला सांग. तरी तिचं मन मानत नसेल तर तिच्यावर लादू नकोस. इंजेक्शन नको असेल तर शेवटपर्यंत नीट वेदनाशामक, कूस बदलणं, जखमांची काळजी हे सगळं मनापासून करायची तयारी हवी. पडून राहिलेल्या कुत्र्याला आपल्या उन्हाळ्यात माश्या बसून अळ्या पडायला एक दिवस पुरतो, त्यावर टर्पेंटाइन ओतणं म्हणजे भाजणं. दर तीन-चार तासांनी कूस बदलायला माणूस नसेल, तर ती वाट निवडू नका. नुसतं काही न करणं याला मी श्रद्धा म्हणणार नाही.

ठरलं की मुहूर्त बघू नका, अमावास्या टाळायला चार दिवस थांबू नका. सकाळची गार वेळ घ्या. जमलं तर डॉक्टरांना घरी बोलवा, गाडीत तो घाबरतो. दोन गोष्टी आधीच विचारून घ्या. पहिली, आधी गुंगीचं इंजेक्शन देणार का? आधी गाढ झोप, मग शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस, ही बरी रीत. श्वास काही मिनिटांत थांबतो. जागेपणी मॅग्नेशियम सल्फेट किंवा पोटॅशियम टोचण्याला तयार होऊ नका, त्यात त्याला सगळं कळतं. हृदयात स्ट्रिकनिन टोचून मारणं तर कायद्यानंच गुन्हा आहे. दुसरी, मेल्याची खात्री स्टेथोस्कोप लावून करणार का? डोळे उघडे राहतील, शी-शू होईल, शेवटी एखादा खोल श्वास आल्यासारखा दिसेल. हे आधी माहीत असलं की घाबरायला होत नाही. घरातल्या धाकट्या कुत्र्याला त्या वेळी लांब ठेवा. वाघ्याच्या डोक्याजवळ तू बस. तो तुला नावानं ओळखत नसला तरी तुझा वास ओळखतो. आदल्या संध्याकाळी पुरणपोळी दे, थोडीशीच.

खड्डा आदल्या दिवशी तयार असू दे. बिदरकडं मुरूम-जांभा लागला तर पहार घेऊनही अर्धा दिवस जातो, काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडतात, म्हणून खोल हवा, माणसाच्या छातीएवढा. विहीर, बोअर आणि नाल्यापासून लांब. मांजरा-कारंजाच्या काठावर नको. भुलीचं औषध मेलेल्या अंगातही राहतं. उकिरड्यावर टाकलेलं असं शव खाऊन कुत्री, कोल्हे, गिधाडं मरतात. वर माती दाबून दगड आणि बाभळीच्या फांद्या टाका. शहरात असाल तर नगरपालिकेला आधी विचारून ठेवा.

नंतरचं. ताईच्या थोरल्याला ‘वाघ्या झोपला’ असं सांगू नका. पोर त्या रात्री झोपायला घाबरतं. ‘गावाला गेला’ असंही नको, ते दाराशी वाट बघत बसतं. वाघ्या खूप म्हातारा होता, आजारी होता, मेला, आता तो परत येणार नाही, असं स्पष्ट सांगा आणि त्याला रडू द्या. त्याला खड्ड्यावर एखादी मूठ माती टाकायची असेल तर टाकू द्या. धाकटं कुत्रं काही दिवस कमी खाईल, हाका मारत हिंडेल. त्याच्या जेवणाच्या आणि फिरण्याच्या वेळा एका मिनिटानंही हलवू नकोस. उरलेली औषधं घरात ठेवायची नाहीत, दुसऱ्याच्या कुत्र्यालाही द्यायची नाहीत. ती डॉक्टरांकडं परत नेऊन दे, आणि त्याच वेळी धाकट्याची लस राहिली असेल तर टोचून घे.